पाठ असलेला वाघ

घोडेगावहून डोंगराकडची एसटी सुटली तेव्हा मी भांडायच्या तयारीनेच बसलो होतो. वर वाडीत वाघबारस (दिवाळीच्या तोंडावरची वाघाची पूजा) होती. वाघोबाचा जुना दगड धरणाच्या पाण्यात सोडायचा आणि नव्या देवळात चित्राची टाइल पूजायची, असे कमिटीने ठरवले होते.

मी चित्र-शिल्पांवर लिहितो म्हणून वाडीतल्या हिराबाईंनी, दगड वाचवायला या, असा निरोप धाडला होता. एसटी फाट्यावरच बंद पडली, म्हणून चढण पायी चढून त्यांच्या घरी पोचलो. नाचणीची भाकर आणि खुरासणीची (कारळ्याची) चटणी पुढे ठेवत त्या म्हणाल्या, "त्याच्या भरवशावर गुरं रानात सोडते मी. चित्राच्या भरवशावर कशी सोडू?"

देवळात भिंतीला टाइल चिकटवलेली. वाघ चकचकीत, दात विचकलेला. दगड दाराबाहेर ठेवलेला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराने नाकडोळे बुजलेले. पण बाजूने पाहिले आणि मी थांबलोच. दबलेली मान, भरलेले पुठ्ठे, जमिनीवर टाकलेला सगळा भार. ऊन पाठीवर चढत होते आणि पलीकडे उतरताना काळे पडत होते.

"चित्र वाघ दाखवतं," मी सगळ्यांसमोर म्हणालो, "दगड वाघासारखा जागा अडवून बसतो."

"भाषण ब्येस झालं, राव," कमिटीचे तुकारामभाऊ म्हणाले. "पण ह्याला डोळं कुठंयत? टाइलीतल्याची मिशीबी मोजून घ्या."

लोक हसले. पूजा सुरू झाली.

इथली रीत अशी, की शेंदूर आधी पाठीला, मग तोंडाला. भाऊंनी तळहात शेंदरात बुडवला, डोळे मिटले आणि सवयीने हात टाइलीच्या मागे नेला. बोटे भिंतीवर आपटली. त्यांनी दुसऱ्या बाजूने हात घालून पाहिला. नव्या रंगावर लाल फराटा उठला.

"भाऊ, घावली का पाठ?" हिराबाईंनी विचारले.

भाऊंनी हात टाइलीवरून काढून घेतला. मग म्हणाले, "पाठ न्हाई, तर वाघ कसला. घ्या त्याला आत."

चौघांनी दगड उचलून टाइलीपुढे बसवला. हिराबाईंनी पाठीवरून सावकाश हात फिरवला. माझी पाळी आली तेव्हा तेलाखालचा गार दगड तळहातात भरला.

परतीच्या एसटीत खुरासणीची पिवळी शेते खिडकीतून मागे जात होती. सपाट चित्राशी माझे वैर नाही. पण कागदावरचे असो की दगडातले, ज्याची न दिसणारी बाजू मला जाणवत नाही, ते रूप माझ्या लेखी अपुरे आहे. वाडीत त्यावर मतदान झाले नाही. एक हात सवयीने मागे गेला आणि निकाल लागला.