इमानपट्टीचे राखणदार

वनखात्यात एकाच बीटवर आठ-दहा वर्षं काढली, की डायरीत लिहिलेल्या गोष्टींपेक्षा न लिहिलेल्याच जास्त साचतात. परवा मित्रांत एक सांगितली, तर तिच्यामागून बाकीच्या निघाल्या.

नाकाडोंगरीच्या अलीकडे गावाचं मोठं गायरान आमच्या बीटात होतं. महायुद्धात इंग्रजांनी तिथं विमानं उतरवायला गिट्टीची पट्टी केली होती, शेजारी दारूगोळ्याचं दगडी कोठार. गाव तिला ‘इमानपट्टी’ म्हणे. इंग्रज गेले, आणि चितळ, मोर, ससे राहायला आले. पंचाहत्तर साली मी तिथं वनरक्षक म्हणून लागलो.

आमचा वनमजूर सोमाजी तरुणपणी याच पट्टीवर गिट्टी फोडायला होता. मी विचारलं, “विमान उतरलं होतं का कधी?”

“एक आलतं जी. पन पट्टीवर गावचे बैल बसून होते. त्यानं वरूनच दोन चकरा मारल्या अन् वापस गेलं.”

“मग बैल काहून नाही हाकलले?”

“मले गिट्टी फोडाले ठेवलं होतं. बैल हाकलाले नाही.”

*

एकदा वरून पत्र्याचा बोर्ड आला: ‘ऐतिहासिक स्थळ. गुरे चारण्यास मनाई.’ आम्ही तो लोखंडी खांबांवर पक्का गाडला. महिनाभरात अक्षरं गायब.

तिथं रोज म्हशी चारणाऱ्या शेवंताबाईला मी विचारलं, “बोर्ड कोणी पुसला?”

“कोनी नाही बाबू. म्हशी आंग घासून राहिल्या. लय सोय झाली. त्या बाजूनं अजून एक लावा म्हना साहेबाले.”

*

साहेब म्हणजे आमचे राऊंड ऑफिसर देशकर. शिस्तीचा माणूस. “जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका सकाळी कोठाराची तपासणी करायला आत वाकले, तर आतून अस्वल बाहेर आलं. साहेब बुटांसकट मोहाच्या झाडावर. तिथूनच मला म्हणाले, “वेळ टिपून ठेवा.”

त्या दिवशीच्या अहवालात एवढंच होतं: ‘अस्वल प्रत्यक्ष पाहिले. अंतर कमी.’

*

मग एका उन्हाळ्यात ठेकेदार आला. रस्त्याच्या कामासाठी पट्टीची गिट्टी उकरून न्यायचा कागद त्याच्याकडे होता. साहेबांनी तो तीनदा वाचला. खोट सापडेना. उकरणं सुरू झालं की गायरानातून ट्रकच ट्रक फिरणार, मग कुठलं चितळ आणि कुठला मोर. सोमाजी तर सकाळपासून पट्टीच्या कडेलाच बसून होता.

ट्रक पट्टीवर चढला आणि थांबला. ड्रायव्हर लाखनीकडचा होता. खाली उतरून म्हणाला, “समोर टिटवीची अंडी आहेत. मी ट्रक पुढं नाही नेत.”

ठेकेदारानं दुसऱ्या ड्रायव्हरला बसवलं. त्यानंही वाकून पाहिलं आणि पहिल्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

शेवटी ठेकेदार स्वतः चढला. इंजिन सुरू झालं, तशी ती एवढीशी टिटवी पंख पसरून, ओरडत ट्रकच्या अंगावर धावली. तो नुसता पाहत राहिला. मग इंजिन बंद करून खाली आला.

“किती दिवसांत फुटतात ही अंडी?”

महिन्याच्या आत फुटतात, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

“या पाखराले वरीस लागते जी,” सोमाजी म्हणाला.

ठेकेदारानं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी चष्मा काढला, सावकाश पुसला.

“कधी कधी दीड.”