दिनेश सरांचा चुकलेला प्रोग्रॅम

मी जिंकलेली शर्यत कॉम्प्युटरने हरलेली दाखवली होती. ती मला परत मिळवून देणारे दिनेश सर आज गेले.

गोष्ट दोन हजार सालानंतरची. सरांनी जव्हारला नुकताच कॉम्प्युटर क्लास काढला होता. जव्हार-मोखाड्याच्या शाळांच्या स्पर्धांचे निकाल पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर लागणार होते आणि प्रोग्रॅम सरांनी स्वतः लिहिला होता.

केवढी ऐट होती त्यांची!

मी खोडाळ्याची, अनवाणी धावणारी. दोनशे मीटरला मी एका गटात, जव्हारची एक मुलगी दुसऱ्या गटात. म्हणजे निकाल स्टॉपवॉचवर. पहिली येईल तीच जिल्ह्याला जाणार.

पडद्यावर ती पहिली. मी दुसरी.

आई म्हणाली, "मशीन खोटा कशाला बोलंल? चल घरा."

मी हटले नाही. रडत रडत सरांच्या टेबलापाशी गेले. "सर, घड्याळ लावणाऱ्या मास्तरांनी माझं एकतीस पॉइंट दोन पुकारलं होतं. तिचं पॉइंट सहा."

सरांनी उघडून पाहिलं. त्यांनी टाइप केलं होतं पॉइंटसकट. पण नोंदी साठवणाऱ्या डेटाबेसमधल्या वेळेच्या रकान्याने, टाइम कॉलमने, पॉइंटच्या पुढचं गुपचूप टाकून दिलं होतं. ना एरर, ना काही. दोघींची नुसती एकतीस सेकंदं उरली. वेळ सारखी, म्हणून जिची नोंद आधी ती पहिली!

एक संयोजक कानाशी लागले. "जाऊ द्या सर. बक्षीस देऊन झालंय. तुमचंच हसं होईल."

"होऊ दे."

आणि सरांनी माईक घेतला.

"कॉम्प्युटरला बोल लावू नका. चूक माझी आहे. सेकंदाच्या आतली वेळ मी साठवलीच नाही. खोडाळ्याची पोरगी पहिली आहे."

अख्खं मैदान हसलं. कुणीतरी ओरडलं, "सर, पाटी-पेन्सिल आणून देऊ का?"

त्या महिन्यात काही पोरं क्लास सोडून गेली. सरांनी मात्र आधी प्रोग्रॅम दुरुस्त केला. टाइम कॉलम काढून टाकला, सेकंदाचे शंभर भाग करून वेळ साध्या आकड्यात ठेवायला लागले.

मी जिल्ह्याला गेले. मग क्रीडा वसतिगृह, मग पोलीस भरती, मग खात्याची परीक्षा.

मध्यंतरी एका सत्कारात कुणीतरी सरांना विचारलं, "इतके प्रोग्रॅम लिहिलेत. सगळ्यात चांगला कुठला?"

सर माझ्याकडे बघून म्हणाले, "जो चुकला तो. त्यातून एक फौजदार निघाली."

मला फार अभिमान आहे सर, तुमचा.

तुमच्या फौजदाराचा शेवटचा सॅल्यूट घ्या.