आठ वांग्यांचं इंजिन

माझे सासरे, नाना, मूळचे पारोळ्याचे. वाफेच्या इंजिनावर भट्टीत कोळसा टाकणारे फायरमन होते. भुसावळला त्यांच्या काळचं एक इंजिन रंगवून जपून ठेवलंय, ते दाखवायला मी त्यांना हौसेने नेलं. म्हातारा गहिवरेल म्हणून मोबाइलचा कॅमेराही चालू ठेवला. माहिती सांगणाऱ्या बाई बॉयलर, पिस्टन, वाफेचा दाब असं घडाघडा सांगत होत्या. नाना ढिम्म! शेवटी त्यांनी भट्टीजवळचं कोळशाचं फावडं उचललं आणि अहिराणीत कडाडले, "हाई फावडं ल्हानं शे! आमना फावडावर आठ वांगा बसेत!"

ड्यूटीवर भरताची वांगी फावड्यावर ठेवून अशाच भट्टीत भाजायचे म्हणे. मी शरमेने कॅमेरा बंद केला. बाईंनी मात्र वही काढली. आम्ही निघालो, तेव्हा पुढच्या सहलीला त्या गंभीरपणे सांगत होत्या, "भट्टीची क्षमता, एका वेळी आठ वांगी."