गुलाबच्या कोंबडीचा पाय

"अबे, दाबू नको तिले! पाय धर, पाय! कोंबडी हाय ते, सायकल नाही!"

गुलाब माझ्यावर ओरडत होता. अकोल्यातलं त्याच्या घरामागचं अंगण, मे महिन्याची भर दुपार, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटून पाहुण्यासारखं घरात येणारं. माझ्या हातात कोंबडी, त्याच्या हातात हळद-तेलाची वाटी. ती आमची शेवटची भेट. गुलाब जाऊन आता सव्वा महिना झाला. शुगर होती, तळपायाला जखम झाली, चिघळली, विष अंगात भिनलं... इतकंच. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. मला आधी भांडायचं आहे.

अमरावतीच्या वसतिगृहात आम्ही चार वर्षं एका खोलीत काढली. पुढे तो अकोल्यात गाड्यांचा मेकॅनिक झाला. चौकातून ट्रक गेला की हा ताटावरून न उठता सांगायचा, 'मागचं डावं बेअरिंग गेलं.' ही कोंबडी त्याने गेल्या हिवाळ्यात माझ्याचसाठी आणली होती. आमच्याकडे दोस्त यायचा म्हणजे बाजारातून कोंबडी आणायची, एक रात्र खाटेच्या पायाला बांधायची आणि पाहुणा दारात दिसला की कापायची. मी दारात दिसलो, त्याने दोरी सोडली, तर बाई उठेचना. डावा पाय मुडपून बसून राहिली. "दोरी आवळली असंन," त्याची बायको, कमलवहिनी, म्हणाल्या. पण दोरी होती उजव्या पायाला! गुलाबने कोंबडी कानाशी धरली, पाय पुढेमागे करून आवाज ऐकला आणि जाहीर केलं, "दुरुस्तीले आलेली गाडी मी भंगारात काढत नाही." मला त्या दिवशी पिठलं मिळालं.

तिथून माझा छळ सुरू झाला. जनावरांच्या डॉक्टरने तिला उलटीपालटी करून पाहिलं. हाड शाबूत, जखम नाही, सूज नाही. कारण काही कळत नाही म्हणाला. मऊ तणसावर ठेवा, दाणापाणी जवळ द्या, आणि रोज तळवा नीट बघा. एवढंच सांगितलं, पण गुलाबने ते असं पाळलं की जगातल्या कुठल्याच राणीचे पाय इतके पाहिले गेले नसतील. रोज सकाळी चष्मा कपाळावर, भिंग हातात. जुन्या पँटीची झोळी शिवून त्याने तिला कपडे वाळवायच्या तारेला टांगलं, पायावर भार नको म्हणून. बाई तिथून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे सरपंचासारखी बघायची. पाच महिने झाले, ती दोन पावलं लंगडायची आणि बसायची. पाय का गेला ते तिलाही माहीत नसावं.

मी अमरावतीहून रोज फोन करायचो. वहिनी उचलायच्या. "काय म्हणते माझी भाजी?" मी विचारायचो. मग गुलाब फोन हिसकून घ्यायचा. "आज चार पावलं चालली बे!" आणि मी खदाखदा हसायचो.

त्या मे महिन्यातही हसलोच. हा माणूस अकोल्याच्या उन्हात लोकरीचे मोजे घालून बसलेला! "अबे, काश्मीरले चालला का?" मी विचारलं. "पायाले गार लागते," तो म्हणाला आणि पाय खाटेखाली ओढून घेतला. मी पुढे विचारलं नाही. कोंबडीचा तळवा भिंगातून बघणाऱ्या त्या शहाण्याने स्वतःचा तळवा बायकोलासुद्धा दाखवला नव्हता. मोज्याला वास येऊ लागला तेव्हा वहिनींना कळलं. त्याने त्यांना शपथ घातली, कोणाला बोलायचं नाही म्हणून. आठ दिवसांनी दवाखान्यात नेलं... तोवर उशीर झाला होता.

तेरवीला मी गेलो. जेवणं उरकली, माणसं पांगली. वहिनी मागच्या अंगणात कोंबडीला तांदूळ टाकत होत्या. नवरा गेलेल्या बाईवर ओरडू नये एवढी अक्कल मला आहे, पण ओरडलो. "शपथ गेली खड्ड्यात, वहिनी! रोज फोन करत होतो ना मी? एका शब्दानं सांगतलं असतं तर त्याच दिवशी गाडी घेऊन आलो असतो, उचलून नेलं असतं त्याले! कावून नाही सांगतलं मले?"

वहिनींनी मूठ रिकामी केली.

"तुमी रोज कोंबडीचंच विचारत होते, भाऊजी."