गिरजाबाईनं ठेवलेला वाटा

अन्याय झाला तो गिरजाबाईवर, माझ्या सख्ख्या आत्यावर. आपला चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या सालच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, गावाखालच्या नाल्यावर. करणारे माझे वडील. गेलेल्या माणसाचे आधी गुण सांगायचे असतात हे मला कळतं. पण तिच्या गुणांवर आम्ही जे थापलं, ते खरवडल्याशिवाय गुण दिसायचे नाहीत. गेल्या महिन्यात ती गेली तेव्हा मी मूल गावात धानाच्या गिरणीच्या फाटकावर पत्रकं वाटत होतो. गावचा एक बंडीवाला धान घालून परतत होता. बैल न थांबवताच तो ओरडला, "अबे, थे कुत्रेमारी बुढी मेली ना तुमची!" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. गावात तिचं नावच ते पडलं होतं... आणि मी, सभेत तोंड न आवरणारा माणूस, त्या नावाला ओ देऊन घरी निघालो.

आमच्या गावची एक रीत होती. रानातून रानकुत्र्यांची शीळ ऐकू आली की समजायचं, त्यांनी सांबर पाडलं. मग कोयते, टोपल्या घेऊन माणसं धावायची, कुत्र्यांना हाकलायची आणि मटण घेऊन यायची. पण सगळं नाही. एक मांडी आणि आतडी पळसाच्या पानांवर तिथेच ठेवायची. तो कुत्र्यांचा वाटा. शिकार त्यांची, आपण मागणारे. हा वाटा ठेवायचं काम आत्याचं. ती आमच्या घरी विधवा होऊन परत आली तेव्हापासूनचं. कुत्री झुडपाआड उभी राहून गुरगुरायची आणि ही त्यांना दटावायची, "हटा बे तिकडं! जावई लागून गेले का माह्ये? ठेवून राह्यली ना तुमचा!" माणसं मागे सरली की कुत्री येऊन निवांत खायची. लहानपणी तिच्या पदराला धरून मी हे पाहिलंय. त्या वेळी मला वाटायचं, जगात सगळीकडे असंच असतं.

त्या वर्षी पोळ्याच्या आधी कुत्र्यांनी आमचा एक गोऱ्हा फाडला. वडील चिडले, चिडणारच. त्यांनी शहरातून विष आणलं, मांसात घालून पायवाटांवर टाकलं. कुत्र्यांनी त्याला तोंड लावलं नाही. रानकुत्रं दुसऱ्यानं टाकलेलं सहसा खात नाही, स्वतःच्या शिकारीचं खातं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नाल्याकडून शीळ आली. सांबर कापायला वडीलच बसले. मांडीला चिरे पाडून त्यांनी आत विष भरलं. चारपाच जणांनी ते पाहिलं आणि माना खाली घातल्या. मग त्यांनी ती मांडी बहिणीच्या हातात दिली. "घे बाई, तुह्या कुत्र्यांचा वाटा. आज जरा मोठाच ठेवला." आत्या खूश झाली. "आज मन मोठं झालं गा तुहं, श्रावणा!" तिनं पानं नीट पसरली, वाटा ठेवला, नेहमीसारखं दटावलं आणि ती निघून आली.

दुसऱ्या दिवशी गुराख्यांना कुत्री नाल्यात सापडली. पाण्यापाशी येऊन मेलेली, त्यांत यंदाची पिल्लंही. त्यांच्यावर उतरलेली गिधाडं बाजूला पंख पसरून पडलेली. आत्या तिथे जाऊन उभी राहिली तेव्हा कोणीतरी म्हणालं, "गिरजाबाई, तुह्या हातचं जेवण जबरं हाय बा!" लोक हसले. वडील तिथेच होते. ते हसले नाहीत, पण बोललेही नाहीत.

गंमत तिथे संपली असती तर मी हे लिहीत बसलो नसतो. पुढच्या वर्षी धान पोटरीला आलं आणि रानडुकरं बांध्यांत, धानाच्या खाचरांत, शिरली. कुत्री होती तोवर कळप एका जागी टिकत नव्हते. रान त्यांना हलतं ठेवायचं. आता ते बोडीच्या, शेताच्या तळ्याच्या, काठाला मुक्कामच करून राहिले. चितळांनी नव्यानं फुटलेली रोपटी वाढू दिली नाहीत. माचावर जागून जागून गावाचे डोळे लाल झाले आणि हसून म्हटलेलं वाक्य आता दात खाऊन म्हटलं जाऊ लागलं, "गिरजाबाईनं कुत्रे मारले, आता भोगा!" ज्यांनी चिरे पाडताना पाहिलं होतं तेही म्हणाले. नव्या सुनांना तर हेच खरं म्हणून सांगितलं गेलं.

आत्यानं त्यानंतर कोणाला हातानं वाढलं नाही. मी घरी गेलो की भाकरीची टोपली पुढे सरकवायची, "घे, तूच घे." एकदा मी चिडून विचारलं, "आत्याबाई, तू बाबाचं नाव काऊन नाई घेत?"

"घेतलं तर कुत्रे उठून येतात का?"

"लोक तुले बोलून राह्यले ना!"

"बोलू दे. त्याले लेकरंबाळं हायेत, गावात बसा-उठाचं हाय." मग टोपली झाकत म्हणाली, "अन् थे कुत्रे माह्याच हाताले भुलले ना रे. श्रावणाच्या हाताले थोडीच आले असते?"

तिला अग्नी दिल्यावर मी वडिलांना सांगितलं, मी लिहिणार आहे. ते ओसरीवर बसले होते. म्हणाले, "लिही. खरंच हाय थे... पण मी मेल्यावर लिही." मी त्यांच्याकडे पाहिलं. म्हातारे झालेत. बाप आहे. कीवही आली. पण तिच्या मरणापर्यंत थांबायचं सौजन्य आम्ही दाखवलं नव्हतं. तिला जिवंतपणीच कुत्रेमारी केलं. म्हणून आज लिहितोय, आणि लिहिताना माझीच मान खाली आहे, कारण मी त्याच घरची भाकरी खाल्ली.

आता तुम्हाला सांगतो, वाचणाऱ्यांना. मूलकडचे असा, चिमूरकडचे असा, रानाला लागून शेत असलेले कोणीही. तुमच्या गावातही मांसात विष भरणारा एक माणूस आहे आणि तो कोण हे तुम्हाला माहीत आहे. तुमचा भाऊ असेल, सासरा असेल, तुम्ही ज्याच्या ओसरीवर बसता तो असेल. आज त्याच्या दारात जा, ते विष मागून घ्या आणि तो नाही म्हणाला तर चावडीवर चारचौघांत त्याचं नाव घ्या. माझ्या वडिलांचं नाव श्रावण आहे. मी घेतलं. तुम्ही घ्या.