धार मनोहररावांनी धरली

अंगारकी चतुर्थी, मंगळवार, सकाळचे सव्वासहा. घरात मी आणि माझी पत्नी. पोटावर लावायच्या पिशव्या पाच, चकत्या दोन. त्यातली एक चकती मी त्या सकाळी लावली, उरली एक. आकडे आधी सांगतो, कारण त्या काळात देवाशीही मी आकड्यांतच बोलत असे, आणि तो हिशेब बहुतेक तक्रारीचा असे.

चौदा महिन्यांपूर्वी माझं आतड्याचं ऑपरेशन झालं. पूर्वी अशा ऑपरेशनला नागपूर गाठावं लागे. रायपूर राजधानी झाल्यापासून इथेच होतात. गाठ फार खाली होती, म्हणून शौचाची वाट कायमची बंद करून आतड्याचं तोंड पोटावर, बेंबीच्या डावीकडे काढलं. त्याभोवती चिकटणारी चकती बसते आणि चकतीवर पिशवी. एकतृतीयांश भरली की खालची क्लिप उघडून रिकामी करायची, चौथ्या दिवशी चकती बदलायची. कोमट पाण्याने धुवायचं, टिपून कोरडं करायचं, चकतीत मापाचं भोक कापायचं, तळहाताच्या उबेने दोन मिनिटं दाबून धरायची. पहिल्या वेळी ते लाल तोंड पाहून मी भिंतीकडे मान वळवली होती. आता सगळं एकोणीस मिनिटांत आटोपतं.

समता कॉलनीतले मनोहरराव माझ्यानंतर अकरा दिवसांनी त्याच वॉर्डात आले. त्यांनाही पिशवी लागली, पण त्यांची तात्पुरती होती. पाच महिन्यांनी आतडं जोडून पोट शिवून टाकलं. माझी जन्माची. ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या गणपतीला सतरा वर्षं दर चतुर्थीला मी अभिषेक केला होता. मनोहरराव आरतीपुरते येत, तेही कधीमधी. जोडणीनंतर मात्र माझ्या जागी पाटावर तेच बसू लागले. मला कोणी मनाई केली नव्हती. पोटावर मळाची पिशवी घेऊन सोवळं कसं नेसायचं, या विचाराने मीच मागे सरलो. पण खांबाआडून आरती घेताना माझी नजर गणपतीवर नसे. ती मनोहररावांच्या सपाट पोटावर असे. एकदा तर ते वाकून नमस्कार करताना मनात आलं, यांचे टाके उसवावेत. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

अंगारकीच्या आठवडाभर आधी गुरुजींचा निरोप आला, या वेळी अभिषेकाला तुम्ही बसा, मनोहररावांनीच सुचवलंय. मला ती दया वाटली आणि राग आला. तरी हो म्हणालो. मनाशी ठरवलं, शेवटपर्यंत पाटावर बसता आलं तर देवाने मला टाकलेलं नाही. नाही बसता आलं तर त्या देवळाची पायरी पुन्हा चढायची नाही.

सोवळं नेसताना पत्नी म्हणाली, "अहो, पिशवीवर काहून आवळून राहिले? निऱ्या खाली खोचा. नर्सदीदीनं सांगितलं होतं ना, दाब नाही पडला पाहिजे."

"खाली खोचल्या तर फुगा दिसते," मी म्हणालो. "लोक माझं पोटच पाहत राहतीन."

"हव, तुम्ही पाहता ना लोकांचं," ती म्हणाली आणि पूजेचं ताट भरू लागली.

तरीही मी निऱ्या बेंबीवरच, चकतीवर घट्ट खोचल्या. सतरा वर्षं तसंच नेसत आलो होतो.

अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं होती, आणि ती पुरी होईतो मूर्तीवरची धार तुटू द्यायची नाही, अशी आमच्याकडची रीत. चौदाव्या आवर्तनाला पोटावर ऊब जाणवली. आवळल्यामुळे पिशवीत खाली जायला वाट नव्हती. मळ वरच साचला आणि चकती एका कडेने सुटली. वास मला आधी आला. मग शेजारचे गृहस्थ जरा सरकले. हातात अभिषेकाचं भांडं, समोर धार, मागे तीसेक माणसं. मी डोळे मिटले आणि मागितलं काय, तर "देवा, मनोहररावांना कळू देऊ नको." बरं कर म्हणालो नाही, सांभाळ म्हणालो नाही.

तेवढ्यात माझ्या हाताखाली दुसरा हात आला.

"भाऊ, धार मी धरतो," मनोहरराव कानाशी बोलले. "मागच्या खोलीत जा. खुंटीवर माझी थैली आहे, घ्या तिच्यातलं."

थैलीत चकती, पिशवी, कात्री, कापूस, जुनं वर्तमानपत्र, सगळं होतं. जोडणी होऊन नऊ महिने झालेला माणूस हे अजून जवळ बाळगत होता. आणि त्याखाली मोठ्या माणसांचे सहा डायपर होते. ते हातात धरून मी किती वेळ उभा राहिलो, मोजलं नाही. मग धुतलं, पुसलं, चकती बसवली आणि सोवळं खाली, पिशवी मोकळी राहील असं नेसलो. फुगा दिसत होता. दिसू दिला.

परत आलो तेव्हा अठरावं आवर्तन चालू होतं. मनोहररावांच्या कपाळावर घाम होता. मला पाहताच त्यांनी भांडं माझ्या हातात दिलं आणि जवळजवळ पळतच मागे गेले. धार तुटली नव्हती. उरलेली आवर्तनं मी पुरी केली. गुरुजींनी दोघांनाही तीर्थ दिलं, विचारलं काहीच नाही.

नंतर पायरीवर बसून मनोहरराव म्हणाले, "आतडं जोडल्यापासून दिवसातून चौदा वेळा जातो मी, भाऊ. अभिषेक असला की दोन दिवस आधीपासून उपाशी. या वेळी जमेना, म्हणून तुमचं नाव सांगितलं. तुमाले पाहून जळत होतो मी. खांबाला टेकून निवांत उभे राहता! तुमाले निदान उठून पळा तर नाही लागत."

मी त्यांना टाक्यांचं सांगितलं. ते इतके हसले की पुन्हा उठून मागे जावं लागलं.

त्यांना कोणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. जे लपवावं म्हणून मी देवाला विनवलं, तेच त्याने नेमक्या त्या माणसापुढे उघडं केलं, आणि माझी लाज त्याच्याच हातांनी राखली. आपण काय मागावं हेसुद्धा देवावरच सोपवावं, एवढं मला तिथे कळलं. हेवा पुरता गेला, असं म्हणणार नाही. मला बियांची फळं वर्ज्य, त्यामुळे मनोहररावांनी पेरू खाल्ला की तो अजून डोळ्यांत खुपतो.

शनिवारी चकती आणि पिशवी परत द्यायला गेलो. त्यांनी घेतली नाही. "पुन्हा लागन या भेवानं ठेवत होतो. आता मले नको. वॉर्डात द्या," म्हणाले. तिथे भनपुरीचा एक ट्रक-मिस्त्री भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याच्याजवळ बसलो, माझा सदरा वर केला आणि त्याला दाखवलं. बऱ्याच वेळाने त्याने मान वळवली. मग मी त्याला लुंगी कुठे बांधायची ते सांगितलं. गणपतीपुढे दक्षिणा एकशे एक रुपये ठेवली होतीच. मनोहररावांचं देणं, चकती एक आणि पिशवी एक, त्या मिस्त्रीच्या हाती दिलं.