गिरणीची वीज आणि पाट्यावरचा फोटो

सेनाईदाला त्या दिवशी गावातल्या पुरुषांची जी शिसारी आली, ती आजतागायत गेलेली नाही.

मेक्सिकोतल्या वहाकाच्या डोंगरातल्या त्या गावात बायका पिढ्यान्‌पिढ्या पहाटे उठायच्या, गुडघे टेकून पाट्याशी बसायच्या आणि चुन्यात उकडलेला मका वाटायच्या. सेनाईदाची आई तिबुर्सिया त्यापायी गुडघ्यांतून गेली. म्हणूनच सेनाईदाने चौघीजणी जमवल्या आणि ओला मका दळायची गिरणी आणली. यंत्र बसलं, पण विजेच्या अर्जावर सरपंचाची सही हवी होती आणि हा सरपंच, डोन हेलादिओ, तीन महिने आज-उद्या करत होता. महिनाअखेर वीज आली नाही तर गिरणी विकून टाकायची, असं चौघींनी ठरवलं होतं.

शेवटी तो आला, तो शहरातला फोटोवाला सोबत घेऊनच. पर्यटनाच्या पुस्तिकेसाठी त्याला म्हणे परंपरा हवी होती.

“यंत्राचा फोटो कोण बघणार, सेनाईदा? ठेवणीतला भरतकामाचा झगा घाल, पाट्याशी बस. दोन मिनिटांचं काम. मग लगेच सही.”

“गुडघे टेकायला लागू नयेत म्हणून तर गिरणी आणली, डोन हेलादिओ.”

“मग राहू दे. वीज तरी कशाला हवी तुला?”

तो हसला. फोटोवालाही हसला. बायकोने वाटलेल्या मक्याच्या तोर्तिया-भाकऱ्या जन्मभर आयत्या गिळलेलं ते तोंड सेनाईदाने नीट बघून घेतलं.

“मी बसत नाही,” ती म्हणाली. त्याने पेन खिशात घातलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून तिबुर्सिया म्हणाली, “म्हातारी चालेल का?”

“आई, तू गप्प बस.”

“चालेल म्हणजे काय, पळेल,” फोटोवाला म्हणाला. “सुरकुत्या झकास येतील.”

भिंत धरत धरत तिबुर्सिया पाट्याशी गुडघ्यांवर बसली. आजी, हसा. आजी, जरा जोर लावा. आणखी एकदा. असं आठ वेळा चाललं. सेनाईदा पाठ फिरवून उभी राहिली. आईकडे बघवत नव्हतं आणि त्या मेल्यांकडे बघायची इच्छा नव्हती.

सही झाली, मंडळी निघाली. म्हातारीला मात्र उठता येईना. सेनाईदाने बगलेत हात घालून तिला उचललं, तेव्हा तिचे ओठ पांढरेफटक पडले होते.

“कागद दिला त्याने?”

“दिला.”

“सही नीट आहे ना?”

“आहे, आई.”

“मग मला दारापर्यंत ने,” तिबुर्सिया म्हणाली. “मघापासून थुंकायचं राहिलंय.”